बोरघाटाचा ताप

बोरघाटाचा इतिहास सांगावयाचा म्हटला की वक्ता बहुधा घाटमाथ्यावर जाऊन उभा राहतो. तेथून त्याला कार्ल्याचे लेणे दिसते, राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसतात, कोकणातून मिठाच्या गोण्या घेऊन वर येणारे वंजाऱ्यांचे तांडे दिसतात. हा इतिहास आपण पुष्कळदा ऐकला आहे आणि तो ऐकण्याजोगा आहेच. मला आज घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीजवळ उभे राहावयाचे आहे. तेथून फारसे काही दिसत नाही. दिसतो तो एक भरलेला मालट्रक, त्याचे वर केलेले बॉनेट, रेडिएटरच्या तोंडातून फुसफुसणारी वाफ, आणि पाण्याचा डबा हातात धरून ती वाफ विरण्याची वाट पाहणारा क्लीनर. आपल्यापैकी ज्यांनी जुन्या रस्त्याने प्रवास केला आहे त्यांना हे चित्र नवे नाही. पण या चित्रालाही इतिहास आहे, आणि तो ट्रक जन्मास येण्याच्या पुष्कळ आधीपासूनचा आहे.

घाट चढण्याचा प्रश्न आपण नेहमी बळाचा प्रश्न समजतो. बैल कमी पडले, जादा जोडी लावा. इंजिन कमी पडले, मोठे इंजिन आणा. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न बळाचा जितका आहे त्याहून अधिक तापाचा आहे. ओढणारा कोणीही असो, तो जेवढे काम करतो त्याच्या बरोबरीने, बहुधा त्याच्या दुपटीतिपटीने, उष्णता निर्माण करतो. आणि ती बाहेर टाकावयास त्याला सवड मिळाली नाही तर तो बिघडतो. ही सवड किती लागते याचा हिशेब चढण्यापूर्वी कोणी केला आणि कोणी केला नाही, यावरून या घाटाच्या इतिहासाचे भाग पाडता येतील.

आरंभ बैलांपासून करू. १७७८ सालच्या अखेरीस रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली. लढणारी माणसे चार हजारांच्या आतबाहेर, आणि सामान ओढणारे बैल एकोणीस हजारांच्या घरात! २३ डिसेंबरला ही फौज बोरघाट चढून वर आली आणि ९ जानेवारीला तळेगावास पोहोचली. खंडाळा ते तळेगाव हे अंतर वीस मैलांच्या आसपास. तेवढ्याला सतरा दिवस लागले. मराठ्यांनी वाटेत सतत छळ मांडला होता हे खरेच; कार्ल्याच्या रणात इष्टुर फाकडा पडला तो याच मोहिमेत. तरीपण या संथपणाचे श्रेय सर्वस्वी आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाला देणे मला थोडे पक्षपाताचे वाटते. तोफांची चाके, त्यांना जुंपलेली जनावरे आणि त्यांचा दाणावैरणीचा पसारा यांचाही त्यात मोठा वाटा होता. दमलेल्या बैलाला चाबूक मारून चार पावले पुढे नेता येते, चार मैल नेता येत नाही. पुढे ११ जानेवारीच्या रात्री तळेगावहून माघार घेताना इंग्रजांनी आपल्या अवजड तोफा तेथल्या तळ्यात लोटून दिल्या. एवढे कष्ट करून घाटावर चढविलेले ओझे पाण्यात गेले, आणि काही दिवसांतच वडगावचा करार झाला.

बैलाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बरी होती. तो तापला की धापा टाकतो, तोंडाला फेस येतो, आणि गाडीवान कितीही कठोर असला तरी त्याला ते दिसते. चढणीला जादा जोडी जुंपावी, वळणावर चाकामागे दगड लावून दम खाऊ द्यावा, उन्हे कलल्यावर निघावे, हे नियम कोणत्याही सरकारने केलेले नव्हते. जनावर स्वतःच ते करून घेत असे.

१८०४ मध्ये जनरल वेलस्लीने घाटातली वाट तोफा नेण्याजोगी करून घेतली. परंतु खरा गाडीरस्ता झाला तो १८३० मध्ये. त्या वर्षी १० नोव्हेंबर रोजी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो खुला केला. त्यापूर्वी साहेबांची गाडी घाटात आली म्हणजे ती दांड्यांना लटकावून माणसांच्या खांद्यावरून वर न्यावी लागे. कोकण आणि देश यांमधली भिंत आपण पाडली अशा आशयाचे उद्गार माल्कमने काढले होते, आणि त्याचा आनंद समजण्यासारखा आहे. त्याच रस्त्यावरचा कमानींचा जुना पूल आपण अमृतांजन पूल या नावाने ओळखत होतो. डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीवरून त्याला ते नाव पडले. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो सुरुंग लावून पाडण्यात आला. एकशे नव्वद वर्षे उभ्या असलेल्या पुलाला शेवटी डोकेदुखीचे नाव मिळावे, आणि तोच पुढे द्रुतगती मार्गाची डोकेदुखी ठरावा, हा योगायोग गमतीचा आहे. असो.

गाडीरस्ता झाला आणि एक बदल घडला. बैलाच्या पाठीवर गोणी टाकली तर त्या बैलाची पाठ हीच ओझ्याची मर्यादा असते. गाडीला तशी मर्यादा नाही. गाडीत आणखी एक पोते सहज मावते, आणि ते मावले म्हणजे ते चढवावयास हवे असे मालाच्या धन्याला वाटू लागते. मावणे आणि ओढणे या दोन गोष्टींची जी फारकत त्या वेळी झाली, ती आजतागायत मिटलेली नाही.

आता आगगाडीकडे वळू, कारण या प्रश्नाचा पहिला शहाणा हिशेब तिने मांडला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये खुला केला. खालून खोपोलीपर्यंत गाडी आधीच आलेली होती. मध्ये घाट तेवढा राहिला. प्रवाशाने खोपोलीस उतरावे, डोलीत किंवा तट्टावर बसून घाट चढावा, आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसावे, असा क्रम पाच वर्षे चालला. घाटाच्या कामावर १८६१ मध्ये चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीच्या साथींनी त्यांतले किती नेले याची मोजदाद नीट झालेली नाही. कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्ये हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम आपल्या अंगावर घेऊन पुरे करविले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यालाही गाडी घाटातून जाताना पाहावयास मिळाली नाही. तो १८६२ मध्ये निवर्तला. १८६३ च्या एप्रिलात काम झाले. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत कठीण जागी सदतीस फुटांना एक फूट अशी चढण.

सदतीसला एक म्हणजे किती, हे आकड्यांनी सांगतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार सुखाने फिरते. सपाटीवर एक टन वजन चालते ठेवावयास चार-पाच किलोंची ओढ पुरते. सदतीसला एक चढ आला की त्याच टनामागे आणखी सत्तावीस किलो ओढ लागते. म्हणजे पायी फिरावयास निघालेल्या गृहस्थावर अकस्मात सहा माणसांची कामे येऊन पडावीत, तसा हा प्रकार आहे. रबरी चाकाच्या ट्रकाला सपाटीवरच टनामागे दहा-एक किलो ओढ लागते, आणि रस्त्याची चढण रुळांपेक्षा कितीतरी उभी असते. पंधराला एक धरली तरी टनामागे सदुसष्ट किलोंची भर पडते.

रेल्वेने या चढणीवर तीन उपाय योजले. पहिला उपाय रिव्हर्सिंग स्टेशनचा. डोंगराच्या कडेवर गाडी न्यावयाची, तेथे थांबवावयाची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने पुढची चढण चढावयाची. दुसरा उपाय खास घाटी इंजिनांचा. त्यांची पाण्याची टाकी बॉयलरच्या पाठीवर खोगिरासारखी बसविलेली असे, आणि तिच्या वजनाने चाके रुळावर घट्ट बसत. वंजाऱ्याच्या बैलाची आठवण व्हावी असाच हा थाट होता. तिसरा उपाय मागून रेटणाऱ्या इंजिनांचा, ज्यांना रेल्वेतले लोक बँकर म्हणतात.

वाफेच्या इंजिनात पाणी उकळणे हा दोष नव्हे, तोच त्याचा धंदा. संकट येते ते पाणी कमी पडले म्हणजे. चढउतारावर बॉयलरमधले पाणी एका अंगाला कलते. भट्टीच्या छतावरचे पाणी सरकून तो पत्रा उघडा पडला तर तो मऊ होऊन फुटावयास वेळ लागत नाही. म्हणून इंजिनाला पाणी कोठे मिळेल, किती मिळेल, याची तजवीज गाडी सुटण्याच्या आधी झालेली असे. लोणावळ्याचे भुशी धरण ही याच तजविजीतली गोष्ट. पावसाळ्यात ज्याच्या पायऱ्यांवर बसून पुणेकर मंडळी अंगावर पाणी घेतात आणि कणसे खातात, ते धरण रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांची तहान भागविण्यासाठी बांधले होते.

आणि या तिन्ही उपायांच्या पाठीशी एक चौथी गोष्ट होती, जी डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे वजनाचे कोष्टक. अमुक टनांची गाडी असेल तर मागे इतकी इंजिने. तेवढी नसतील तर गाडी निघणार नाही, किंवा डबे कमी करून निघेल. हे ठरविण्याचा अधिकार चालकाचा नाही, मालधन्याचा तर नाहीच. तो आकडा छापील असतो. आजही कर्जतला गाडी थांबते, तेथे मागे बँकर लागतात. तेवढ्या वेळात प्रवासी बटाटेवडा खातात. आपल्या वड्याला जो वेळ मिळतो तो या कोष्टकाच्या कृपेने, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

१९२९ च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली, मार्ग थोडा बदलला आणि रिव्हर्सिंग स्टेशनचे काम संपले. स्वित्झर्लंडमध्ये घडलेल्या त्या पहिल्या घाटी विजेच्या इंजिनाला रेल्वेचे कामगार खेकडा म्हणत. त्यातले एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात पाहावयास ठेवलेले आहे. विजेच्या इंजिनात आग नाही, धूर नाही. म्हणून त्याला तापही नसेल असे आपल्याला वाटते. तसे नाही. त्याच्या मोटारींतली तांब्याची वेटोळी जोराचा प्रवाह वाहताना तापतात आणि फार तापली तर त्यांवरचे वेष्टण जळते. विद्युत अभियंत्यांनी मात्र ही गोष्ट झाकून ठेवली नाही. अशा मोटारीच्या सामर्थ्याचे ते दोन आकडे सांगतात: एक तासभर किती जोर काढता येईल, आणि अखंड किती काढता येईल. या दोहोंतला फरक हा निव्वळ तापाचा फरक आहे. यंत्राच्या बळाबरोबर त्याच्या दमाचाही आकडा लिहून ठेवण्याची ही रीत मला फार प्रामाणिक वाटते. या इंजिनांत आणखी एक सोय होती. उतारावर मोटारी उलट कामाला लागून वीज तयार करीत आणि ती तारेत परत जाई. चढताना खर्च केलेल्यातले थोडे उतरताना वसूल होई, आणि ब्रेकही कमी तापत.

आता रस्त्यावर येऊ. पहिल्या महायुद्धानंतर या बाजूला मोटार-लॉऱ्या दिसू लागल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीझचे डिझेल ट्रक बाहेर पडू लागले. या दोन तारखांच्या मधला आणि थोडा पुढचा काळ म्हणजे पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल इंजिन येण्याचा काळ. डिझेल आले ते स्वस्त होते म्हणून, असे आपण म्हणतो. पण घाटाच्या दृष्टीने त्याचे दुसरेच महत्त्व आहे. त्या काळचे पेट्रोल इंजिन इंधनातल्या शक्तीचा पाचवा हिस्सा जेमतेम चाकापाशी पोहोचवीत असे. डिझेल इंजिन तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास पोहोचविते. तेच ओझे, तोच घाट. पण पहिल्याच्या अंगात मुरणारा ताप कितीतरी अधिक. जुनी लॉरी प्रत्येक वळणावर पाणी मागे याचे हे एक कारण होते.

तरी डिझेल म्हणजे थंड यंत्र असे कोणी समजू नये. मोठ्या मापाने बोलावयाचे तर इंधनाच्या उष्णतेतला एक हिस्सा काम करतो, जवळपास तेवढाच धुराड्यावाटे जातो, आणि तेवढाच इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. सोळा टनांचा भरलेला ट्रक खोपोलीहून पाचशे मीटर वर चढला असे धरा. चढण आणि चाकांचे घर्षण मिळून जे काम होते, तितकीच उष्णता पाण्यात उतरली, तर सुमारे तीनशे लिटर पाणी आंघोळीच्या बंबात घातल्यासारखे उकळीला येईल. रेडिएटर आणि इंजिन मिळून पाणी असते वीस-पंचवीस लिटर. चढणीला अर्धा-पाऊण तास लागतो असे समजा, तर घरातले वीस गीझर एकदम चालू करून ती सारी उष्णता समोरच्या जाळीतून वाऱ्यावर सोडावी, एवढे काम त्या रेडिएटरने करावयाचे आहे.

आणि हे काम त्याने नेमक्या प्रतिकूल वेळी करावयाचे आहे. सपाटीवर ट्रक पळतो तेव्हा वारा आपोआप जाळीत शिरतो. घाटात ट्रक माणसाच्या चालीने चालतो, वारा येणार कोठून? त्यातून मुंबईकडून वर येणाऱ्या गाडीचे तोंड पूर्वेकडे, आणि समुद्रावरचा वारा पश्चिमेचा. म्हणजे वारा पाठीला लागतो. झुळूक ट्रकाच्याच वेगाने वाहत असेल तर ट्रकाच्या लेखी वारा पडलेलाच. मग सगळा भार इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्यावर. येथे अनुभवी चालक आणि नवशिका यांतला फरक दिसतो. नवशिका वरच्या गिअरमध्ये रेटीत राहतो. इंजिन हळू फिरते, म्हणून पंखाही हळू फिरतो, पाण्याचा पंपही हळू फिरतो, आणि ओढ मात्र पुरी असते. जुना चालक चढण लागण्याच्या आधीच खालचा गिअर घालतो. इंजिन ओरडते, आत बसलेल्याला वाटते की यंत्राचे हाल चालले आहेत. प्रत्यक्षात त्या ओरडण्यानेच ते थंड राहत असते.

ताप हाताबाहेर गेला की काय होते, हे पुण्यातल्या कोणत्याही गॅरेजात विचारावे. आधी हेड आणि ब्लॉक यांमधले गॅस्केट जळते. तेलात पाणी आणि पाण्यात तेल जाऊन सगळे दुधी चहासारखे होते. हेड वाकते किंवा तडकते. तेल पातळ होऊन पिस्टन सिलिंडरमध्ये धरला जातो आणि इंजिन जागच्या जागी अडकते. कित्येक वेळा हे तापाने न होता घाईने होते. खदखदत्या इंजिनावर कोणी गार पाण्याची बादली ओततो, आणि तापलेले बीड काचेच्या पेल्यासारखे तडकते. झाकण घाईने उघडणाऱ्याचा हात व तोंड भाजते ते वेगळेच. नव्या गाड्यांतले झाकण प्रेशर कुकरच्या तत्त्वावर चालते. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, पण झाकण काढताक्षणी उसळते. आपल्या घरातल्या बायकांना जे कुकरविषयी पक्के ठाऊक आहे ते रस्त्यावर पुरुष सपशेल विसरतात.

माझा मुख्य मुद्दा येथे येतो. रेल्वेने घाटासाठी जे वजनाचे कोष्टक केले, तसे रस्त्याने कधी केले का? कायद्याने वजनाची मर्यादा घातली होती. १९३९ चा मोटार वाहन कायदा होता, पुढे १९८८ चा आला. पण ती मर्यादा चाकाखालच्या रस्त्यासाठी आणि पुलासाठी होती. इंजिनाच्या दमासाठी ती नव्हती, आणि घाट व सपाटी यांत तिने भेद केला नाही. शिवाय ती पाळली जात नव्हती. दंड भरावा आणि तेच ओझे घेऊन पुढे जावे, अशी जणू रीतच पडली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की दंड भरल्याने जादा ओझे नेण्याचा परवाना मिळत नाही, ते ओझे उतरविलेच पाहिजे. २०१८ मध्ये सरकारने आसांवरच्या वजनाची मर्यादाच वाढविली. दोन आसांच्या ट्रकाची सोळा टन दोनशे किलोंची मर्यादा साडेअठरा टन झाली. नव्या इंजिनांचे बळ वाढले आहे, तेव्हा हे अगदी अवाजवी होते असे मी म्हणत नाही. मात्र जुना ट्रक त्या दिवशी सकाळी उठून अधिक बळकट झालेला नव्हता, त्याचा रेडिएटर तेवढाच होता.

रस्त्याच्या जगात ओझे ठरवितो मालाचा धनी आणि वाहतूक कचेरी. ते ठरते शहरात, सावलीत, टेबलापाशी. त्याची किंमत द्यावी लागते ती घाटात, दुपारी दोन वाजता, चालकाला आणि क्लीनरला. इंजिन बसले तर खेप बुडते, खेपेचा भत्ता बुडतो, आणि ट्रक स्वतःचा असेल तर कर्जाचा हप्ता थकतो. कर्जतच्या स्टेशनावर जो निर्णय छापील कोष्टक घेते, तो खोपोलीच्या वळणावर एका माणसाच्या कानाने घ्यावयाचा असतो, आणि त्या माणसाला थांबण्याची मोकळीक असतेच असे नाही. जुन्या घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. डोंगरातली वाट इंग्रजाला दाखविणारा आणि त्याच्याच गोळीने मेलेला धनगर अशी त्याची आख्यायिका आहे. चालक तेथे नाणे टाकून पुढे जातात. कोणी याला अंधश्रद्धा म्हणेल. ज्याच्या हातात ओझे कमी करणे नाही, त्याने नाणे टाकावे यात मला हसण्यासारखे काही दिसत नाही.

चढण्याचा जसा ताप, तसा उतरण्याचाही असतो. पाचशे मीटर चढताना जी शक्ती ट्रकात साठली ती उतरताना कोठेतरी गेलीच पाहिजे. ती सगळी ब्रेकच्या ड्रमांत गेली तर लोखंड लाल होण्याइतके तापेल. ब्रेक पकडेनासे होतात ते त्यामुळे. म्हणून उतारावर खालचा गिअर घालून इंजिनाकडूनच गाडी अडवून घ्यावयाची असते. मुंबईकडे उतरताना हा अनुभव येतो, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येतानाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका ट्रकने रांगेने कितीतरी वाहने चिरडली. डिझेल वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते, असे तपासात पुढे आले. इंजिन बंद म्हणजे त्याची अडवणूक गेली, आणि ब्रेकला हवा पुरविणारा पंपही थांबला. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात पुन्हा अपघात होऊन आग लागली आणि माणसे होरपळून मेली. दोन-चार लिटर डिझेल वाचविण्याचा मोह माणसाला का पडतो, हा प्रश्नही शेवटी त्या सावलीतल्या टेबलापाशीच नेऊन पोहोचवितो.

या सगळ्यात पुण्याचे स्थान विलक्षण आहे. घाटमाथ्यावरचे हे शहर स्वतःच इंजिनांचे शहर झाले. खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली. १९६१ मध्ये भारत फोर्ज स्थापन झाली, १९६२ मध्ये किर्लोस्कर-कमिन्स कोथरूडला. १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरीत पाय रोवले, आणि त्याच वर्षी गाड्यांची पारख करणारी ‘अराई’ ही संशोधन संस्था निघून ती वेताळ टेकडीवर स्थिरावली. बंदरातून येणारे सामान घाट चढून वर यावयाचे आणि येथे झालेली यंत्रे घाट उतरून बंदराकडे जावयाची. ज्या शहरात पंखा, पंप आणि रेडिएटर यांचा हिशेब इतका बारकाईने होतो, त्याच शहराच्या दारात गाडी तापून बंद पडते. सुट्यांच्या दिवसांत द्रुतगती मार्गावर खोळंबा होतो तेव्हा खासगी मोटारींचीही हीच गत होते. चढणीवर वातानुकूलन बंद ठेवा, असे महामार्ग पोलिसांना सांगावे लागते.

रेल्वेची युक्ती रस्त्यावर अगदीच आली नाही असे मात्र नाही. फार अवजड यंत्रे नेणारे बहुचाकी ट्रेलर चढणीला आले की पुढे एक आणि मागे एक अशी ओढणारी-रेटणारी वाहने लावतात. २०१९ च्या जुलैमध्ये नाशिकहून तिरुवनंतपुरमच्या अंतराळ केंद्राकडे सत्तर टनांचे एक यंत्र निघाले. चौऱ्याहत्तर चाकांच्या ट्रेलरवरून ते पोहोचावयास, मध्ये टाळेबंदी आल्याने, एक वर्ष लागले. येथे वजन आधी मोजले, वाट आधी पाहिली, वेग आधी ठरविला. सत्तर टनांच्या यंत्राला जी काळजी मिळते ती अठरा टनांच्या कांद्याला किंवा सळ्यांना मिळत नाही, याचे कारण यंत्रशास्त्रात शोधून सापडणार नाही.

१ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर या त्याच जुन्या मार्गावर एस. टी.ने विजेची बस सुरू केली, आणि २०२३ मध्ये ठाणे-पुणे मार्गावर विजेची शिवनेरी बोरघाट चढू लागली. तिच्या अंगात डिझेल जळत नाही. उतारावर तिची मोटार, १९२९ च्या खेकड्यासारखीच, वीज परत करते. तेव्हा ती तारेत जात असे, आता बॅटरीत जाते. पण मोटार तापते, बॅटरीही तापते, आणि या दोहोंपासून उष्णता काढून घेणारी व्यवस्था अशा बसला लागतेच; समोरून वारा घेणारी जाळी तिलाही बसविलेली असते.